रंगूनचे चार टेकू

लग्न होऊन मी बोरिवलीला आले, तेव्हा माझे सासू-सासरे रंगूनहून परत येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. घरात त्या शहराच्या मोजून दोन वस्तू होत्या. लाखेचा एक काळा-तांबडा डबा, त्यात सासूबाई सुया-दोरे ठेवत, आणि तेलकट कागदाची एक छत्री, ती कपाटावर आडवी पडलेली असे. मामंजींना ब्रह्मी भाषा अगदी तिथल्या माणसासारखी येते असं ह्यांनी मला सांगितलं होतं, पण मी ती कधी ऐकली नव्हती.

मामंजी तिथे ओव्हरसियर होते. जुन्या इमारतींची डागडुजी हे त्यांचं काम. ह्यांचा जन्मच रंगूनचा, बारा वर्षांचे होईपर्यंत हे तिथे वाढले. त्यामुळे शहराबद्दल जे काही मला कळलं ते ह्यांच्याकडून. घराच्या गॅलरीतून सोन्याचा मोठा पॅगोडा दिसायचा. पावसाळ्यात आभाळ काळं झालं की तो जास्तच चमकायचा. लाल विटांची लांबच लांब कचेरी होती, तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघून लोक दुकानं उघडायचे. दुसऱ्यांचे वडील मुलांना रविवारी बागेत नेत, मामंजी ह्यांना इमारती दाखवायला नेत. कमानीखाली उभं करून विचारत, "सांग, ह्यातला कुठला दगड काढला तर सगळी कमान खाली येईल?" बरोबर सांगितलं की बर्फाचा गोळा.

"आणि आता कधीच बोलत नाहीत ते त्याबद्दल?" मी विचारलं.

"इकडे आल्यापासून नाही. तूही विचारू नकोस," हे म्हणाले. का, ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

मामंजी बोरिवलीत छोटी-मोठी बांधकामं बघत. कुणाची विहीर, कुणाचं कुंपण, कुणाची माडीवरची खोली. त्यांच्या हाताखालची गवंडी मंडळी त्यांच्यावर वैतागलेली असत, कारण मामंजी कशालाही पटकन ठीक आहे म्हणत नसत. भिंत सरळ आहे की नाही बघायला चौथ्यांदा ओळंबा लावायला सांगत. घरातही तसंच. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर चाखून, थांबून, परत चाखून सांगत. मला पहिल्या वर्षी हे फार जड गेलं. वाटायचं, ह्या माणसाला माझं काहीच पटत नाही.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. एकदा मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी आम्हा शिक्षिकांना बोलावलं. म्हणाल्या, "ब्रह्मदेशातून बारा-तेरा मंडळी कान्हेरीची लेणी बघायला येताहेत. दोन भिक्षू आहेत, बाकी संसारी माणसं. जेवणाचं आपल्या शाळेनं बघायचंय. भिक्षू बारानंतर जेवत नाहीत, तेव्हा उशीर करून चालणार नाही. आणि एक अडचण आहे. त्यांच्यातल्या एका मास्तरांना तेवढं इंग्रजी येतं. बाकीच्यांशी बोलायचं कसं?"

मी लगेच म्हणाले, "आमच्या मामंजींना ब्रह्मी येतं. वीस वर्षं होते तिथे."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं. शाळेत नवीन होते, आपला काहीतरी उपयोग झाला असं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन मी त्याच आनंदात मामंजींना सांगितलं. ते पडवीत बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

"कुणाला विचारून सांगितलंस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"विचारलं नाही."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी तशीच उभी. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ये गो हयसर. बस."

त्या मालवणी बोलत. त्यांनी मला त्या दिवशी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

रंगूनमध्ये जुन्या बाजारामागच्या एका गल्लीत विटांचं दोनमजली घर होतं. कुणा व्यापाऱ्याचं, त्यानं मरताना शहराला दिलेलं. त्यात एक लहानसं संग्रहालय होतं. बुद्धाच्या मूर्ती, ताडपत्रावरच्या पोथ्या, कोरलेले दगड, राजाच्या वेळच्या दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्या. मोठ्या संग्रहालयात जायला बिचकणारे लोकही ह्या घरात यायचे, अनवाणी, मुलं कडेवर घेऊन. मामंजींचं ते लाडकं घर होतं. लढाई जवळ येत होती त्या सुमारास त्यांना दिसलं की खालच्या दालनाची मुख्य तुळई वाळवीनं पोखरली आहे. त्यांनी सागाचे चार ओंडके उभे करून छताला टेकू दिला. नवी तुळई आली की टेकू काढायचे, महिन्याभराचं काम. सासूबाई आणि हे आधीच बोटीनं इकडे आले होते. मामंजी मागे राहिले होते.

मग रंगूनवर बॉम्ब पडले. नवी तुळई कुठली यायला. सगळं शहर पळायला लागलं. मामंजींना बोटीत जागा मिळाली, आणि धक्क्यावर पोचायला दोन तास होते. जाताना ते त्या घरावरून गेले. तिथला रखवालदार बायको आणि मुलीला घेऊन मागच्याच खोलीत राहायचा. त्यानं मामंजींना दारात थांबवलं. गल्लीतली बाकीची घरं लाकडाची आणि बांबूची, विटांचं घर तेवढं एकच. तो म्हणाला, "परत भोंगा झाला तर लोक इथे येणार. आत घेऊ का? छत धरेल का?"

टेकू किती भक्कम आहे हे त्याच्या बुंध्याखालच्या पाचरींवरून कळतं. त्या हातोडीनं ठोकून बघाव्या लागतात. सैल असतील तर टेकू नुसता उभा दिसतो, भार घेत नाही. त्याला वेळ लागला असता. मामंजींनी दारातूनच आत पाहिलं आणि म्हणाले, "धरेल. घे लोकांना आत."

आणि ते बोटीवर गेले.

"तेवढाच," सासूबाई म्हणाल्या. "तेवढाच बोलले थंय आणि तेवढ्यासाठी एवढी वर्षां."

मामंजींनी तिथल्या आपल्या कचेरीला दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. कचेरी तरी उरली होती की नाही कोण जाणे. पुढे लिहायचं त्यांनी सोडलं. सासूबाईंच्या मते ते उत्तर न येण्याला घाबरत नव्हते, येण्याला घाबरत होते.

मी म्हणाले, "मी उद्या मोठ्या बाईंना नाही म्हणून सांगते." मला खरंच रडू येत होतं.

पण तसं सांगावं लागलं नाही. सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मामंजी दारात आले आणि विचारलं, "किती वाजता निघायचंय त्या दिवशी?"

पाहुण्यांचा दिवस उजाडला. त्यांच्यासाठी एक बस ठरवली होती. आम्ही दोघी शिक्षिका पहाटेपासून शाळेत स्वयंपाकाला लागलो होतो. भात, साधं वरण, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि शिरा. पातेल्यांची तोंडं फडक्यांनी बांधून ती बसमध्ये चढवली. मामंजी इस्त्रीचा कोट घालून शाळेच्या फाटकाशी उभे होते. पाहुणे उतरले. बायकांनी गालांना पिवळसर उटणं लावलेलं, अंगात पातळ पांढरी पोलकी, केसांत फुलं. दोघा भिक्षूंपैकी म्हातारे होते ते काठी टेकत खाली आले.

मामंजी पुढे झाले आणि काहीतरी बोलले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आवाजच वेगळा. घरी त्यांचा आवाज जड आणि सपाट असे. हा वर चढत होता, खाली उतरत होता, जवळजवळ गाण्यासारखा. म्हातारे भिक्षू हसले, बायका एकदम चिवचिवायला लागल्या, आणि त्या सगळ्या घोळक्यानं मामंजींना मधे घेतलं.

रस्ता तेव्हा झाडीतून जायचा. बस पायथ्याशी थांबली आणि पुढे आम्ही चढत गेलो. मोठ्या चैत्याच्या पडवीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, चार माणसं एकावर एक उभी केली तरी डोक्याला हात पोचणार नाही एवढ्या. पाहुण्यांनी पायातलं काढलं आणि तिथेच दगडावर डोकं टेकलं. किती वेळ कुणी उठलंच नाही. मी लहानपणापासून दोन-तीनदा सहलीला आले होते. आम्ही तिथे दडून खेळायचो, आवाज घुमतो का बघायचो. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली आणि बरंही वाटलं, की ही जागा कुणाची तरी एवढी आपली आहे.

आत गेल्यावर म्हाताऱ्या भिक्षूंनी वर बोट दाखवून काही विचारलं. मामंजींनी मान वर करून बराच वेळ छत न्याहाळलं, मग उत्तर दिलं. मला म्हणाले, "तिथे खाचा दिसतात ना, तिथे लाकडी फासळ्या होत्या. दगडाच्या छताला लाकडाची गरज नसते. पण लाकडी घरांत राहणाऱ्या माणसांना लाकूड दिसल्याशिवाय चैन पडलं नसेल."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

जेवणं वेळेत झाली. दगडी बाकांच्या लांब लेण्यात आम्ही पानं मांडली, भिक्षूंना आधी वाढलं. साडेअकराला त्यांचं जेवण उरकलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. एका बाईला शिरा इतका आवडला की तिनं मामंजींकरवी मला विचारलं, ह्यात काय काय असतं. मी सांगत गेले, ते सांगत गेले, आणि वेलचीला ब्रह्मी शब्द त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी वेलचीच्या टरफलासारखी बोटं करून दाखवली. सगळे हसले, तेही थोडे हसले.

पण विचारायचं ते त्यांनी विचारलं नव्हतं. माझं सकाळपासून तिकडेच लक्ष होतं. ते सगळ्यांशी बोलत होते, पण ते इंग्रजी जाणणारे मास्तर जवळ आले की मामंजी दुसरीकडे वळत. मास्तर रंगूनचेच होते, जुन्या बाजाराजवळच्या शाळेतले. मघाशी मामंजींनीच मला तसं सांगितलं होतं आणि लगेच पाणी प्यायला गेले होते.

परतताना आम्ही सुरुवातीच्या लेण्यापाशी सावलीला बसलो. ते लेणं अर्धवट आहे. खांब पुरे कोरलेले नाहीत, भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच दिसतात, कुणीतरी काम टाकून निघून गेल्यासारखं. मामंजी एका खांबाला हात लावून उभे होते. मास्तर माझ्याजवळ बसून टोपीनं वारा घेत होते. तासाभरात बस निघणार, ही मंडळी पुढे गाडीनं जाणार, आणि परत कधी रंगूनचं माणूस बोरिवलीत येणार.

मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि विचारलं. जुन्या बाजारामागे एक संग्रहालयाचं घर होतं, विटांचं, दोनमजली, ते आहे का?

मामंजींची पाठ माझ्याकडे होती. ती एकदम ताठ झाली. ते वळले नाहीत.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीकडे. मास्तर समजूतदार असावेत. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. उठून ते मामंजींजवळ गेले आणि त्यांच्या भाषेत हळू बोलले. एक शब्द मला दोनदा ऐकू आला, शी-दे. मामंजींनी तो शब्द परत म्हटला, प्रश्नासारखा. मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाले, शी-दे. त्याचा अर्थ 'आहे' असा होतो हे मला मागाहून कळलं, पण त्या वेळी मामंजींच्या खांद्यांकडे बघून मला ते कळल्यासारखंच होतं.

ते खांबाच्या बुंध्याशी बसले. मास्तर समोर बसले आणि बोलतच राहिले. हातांनी आग दाखवली, दोन्ही बाजूंनी. मग दोन्ही हात मधे उभे धरले. मग चार बोटं दाखवली. मामंजी काहीतरी विचारत, मास्तर उत्तर देत. एका उत्तराला मामंजी हसले. मोठ्यानं हसले, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि परत हसले. बायका वळून बघायला लागल्या.

"मामंजी?" मी म्हणाले.

"बस इथे," ते म्हणाले. "सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. पुढच्या हल्ल्यात ती गल्ली दोन्ही अंगांनी जळाली. घर राहिलं. गल्लीतले लोक आत होते आणि नंतरही कितीतरी दिवस तिथेच राहिले, चुली मागच्या अंगणात. रखवालदारानं मूर्ती आणि पोथ्या पेट्यांत घालून अंगणात पुरल्या, वर दुधी लावले. लढाई संपल्यावर त्या बाहेर काढल्या. एका बाहुलीचा हात तेवढा गेला. रखवालदार चार वर्षांपूर्वी वारला, म्हातारा होऊन, अंथरुणावर. आता त्याची मुलगी दारात बसते आणि येणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेते.

"आणि टेकू?" मी विचारलं.

"नवी तुळई कुणी बसवलीच नाही. टेकू तसेच आहेत. त्यांना लाल रंग दिलाय आणि वर सोनेरी पट्टा काढलाय." त्यांना परत हसू आलं. "हे मास्तर दर वर्षी पोरं घेऊन जातात. पोरं विचारतात, हे चार खांब वाटेत मधोमध का उभे केलेत? हे सांगतात, जुन्या राजांची तशी पद्धत होती."

मास्तरांना आता कळलं होतं की तो जुना राजा कोण. ते दोन्ही हात जोडून, मान लववून काहीतरी म्हणाले. मामंजींनी ते मला सांगितलं नाही.

मी म्हणाले, "मी विचारायला नको होतं. परत एकदा तुम्हाला न विचारता…"

"मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तू एका वाक्यात विचारलंस," ते म्हणाले. "इंग्रजी मात्र चुकलं तुझं. त्या घराला तू घरातलं संग्रहालय म्हणालीस."

मग ते मास्तरांकडे वळले आणि पाचरींबद्दल सांगायला लागले. जमिनीवर काटकीनं आकृती काढली, खालून हात कसा घालायचा, हातोडीचा आवाज कसा यायला हवा, टण्ण की भद्द. मास्तर भूगोल शिकवणारे होते, पण मन लावून ऐकत होते. बस निघायची वेळ झाली तरी मामंजींचं संपलं नव्हतं.

आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सूप हलतच होतं.

"घर उभा आसा?" त्यांनी विचारलं.

"उभा आसा," मामंजी म्हणाले. "माणसां पण आसत."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मग उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. त्या संध्याकाळी मामंजी पडवीत बसल्या बसल्याच गाढ झोपले, मान एका बाजूला टाकून. आम्ही त्यांना जेवायलासुद्धा उठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. मास्तरांना, पाचरींबद्दल, आकृत्यांसकट. चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं. मास्तर एका सुताराला घेऊन गेले होते. चारांपैकी दोन टेकूंच्या पाचरी सैल होत्या, त्या ठोकून घट्ट केल्या. रखवालदाराच्या मुलीनं नमस्कार सांगितला होता. तिला मामंजी आठवत नव्हते, पण दारातून आत बघून धरेल म्हणणारा एक माणूस होता, हे तिच्या बापानं तिला सांगितलं होतं. ती ते आशीर्वाद दिल्यासारखं सांगते, असं मास्तरांनी लिहिलं होतं.

मामंजींनी पत्र दोनदा वाचलं. "दोन सैल होत्या," ते म्हणाले.

मला वाटलं, आता परत सगळं सुरू होतं की काय.

पण त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "तरी दोघांनी चौघांचं ओझं धरलं. साग तो साग."

त्या रविवारी सासूबाईंनी एक पदार्थ केला, जो रंगून सोडल्यापासून त्यांनी केला नव्हता. हातानं वळलेल्या जाडसर शेवया उकडून घेतल्या, नारळाच्या दुधात बेसन लावून दाट आमटी केली, वर तळलेला कांदा, लिंबू, लाल मिरचीचं तेल. मामंजी चुलीपाशी पाट घेऊन बसले होते आणि मिरचीचं तेल अजून थोडं तापू दे, कांदा काढ आता, असं सांगत होते. सासूबाई म्हणत होत्या, "मीया केलंय वीस वर्षां, तुम्ही गप ऱ्हवा." ह्यांनी पहिला घास घेतला. मग म्हणाले, रंगूनला आपल्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी असंच विकायची, नि तिच्याकडे पितळेची एक घंटा होती. मामंजी म्हणाले, घंटा नव्हे, ती झांज होती. त्यावरून बापलेकांत वाद लागला. मला शेवया काट्यानं खाव्यात की बोटांनी ते कळेना. सासूबाईंनी माझ्या पानात आणखी आमटी ओतली आणि म्हणाल्या, "कशीय खा, गरम आसा तवर खा."